पान ४१ वरचं चित्र

केप कोस्ट, ४ जून

चि. एबो यास मावशीचे आशीर्वाद.

काल, ३ जूनला, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी अक्राच्या कला महाविद्यालयात तीन परीक्षकांनी माझ्या अराबाला चोर ठरवलं. तिने प्रवेशासाठी दिलेलं दोन मृत ताऱ्यांच्या टकरीचं चित्र त्यांना तुझ्या संशोधन-नियतकालिकात पान ४१ वर सापडलं. खाली छापलंय, ‘मांडणी : डॉ. एबो एशुन. सौजन्य : अवकाशाचं सॉफ्टवेअर.’

अकरा महिने माझ्या लेकीने त्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक तारा, एकेक धुळीचा ढग बसवला. वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ईस्टरला तू माझ्याकडे केंकी-मासे चापलेस आणि ते चित्र ‘बघायला’ म्हणून नेलंस. आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टर इग्नेशिया नक्कल करणाऱ्याला व्हरांड्यात गुडघ्यांवर बसवत. तू तिथे असतास, तर अजून बसलेलाच असतास.

वीस तारखेला फेरसुनावणी आहे. त्याआधी संपादकांना दुरुस्ती लिही.

तुझ्याबद्दलची माया अजून शाबूत असलेली,
एस्थर मावशी

अक्रा, ९ जून

ती. मावशीस सा. नमस्कार.

आई गेल्यापासून पहिल्यांदा हसलो, तुझं पत्र वाचून. अगं, तारे सॉफ्टवेअरने काढले, अराबाने बटणं दाबली. त्याला अर्थ आला तो माझ्या लेखामुळे. दुरुस्ती छापली तर माझी बढती अडेल. तिला म्हणावं, पुढच्या वर्षी अर्ज कर. बाविसाव्या वर्षी कोणी म्हातारं होत नाही.

आईच्या अंत्यविधीचं, सगळ्या नातलगांच्या नावांसकट गावभर लागणारं पोस्टर तू लिहितेयस असं मामा म्हणाले. मुलांमध्ये माझं नाव पहिलं घे, ‘डॉक्टर’सकट, ठळक. आजोबांच्या पोस्टरवर मी तेराव्या ओळीत होतो. लोक अजून चिडवतात.

राग सोड, लोभ ठेव.
एबो

केप कोस्ट, १२ जून

एबो,

आशीर्वाद तूर्त राखून ठेवलेत.

पोस्टर तुझ्याच पद्धतीने लिहिलंय. तुझ्या हिशेबाने माझ्या बहिणीनेही फक्त कळा दिल्या, बाकी सगळं आपोआप झालं. तेव्हा मुलांमध्ये तुझ्या दोन्ही बहिणींची नावं ठळक आहेत. त्यांच्याखाली, ‘एक मुलगा. सौजन्य : प्रसूतिगृह.’ मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, ती ओळ जरा मोठ्या अक्षरात घे. चारशे प्रती निघतील. त्यातल्या वीस तुझ्या विभागाच्या फाटकावर लागतील.

छपाई शनिवारी, १४ तारखेला दुपारी बारा वाजता सुरू होईल. संपादकांना पाठवलेल्या दुरुस्तीची तुझ्या सहीची प्रत, अराबाच्या पूर्ण नावासकट, त्याआधी माझ्या हातात हवी. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देतेय. उत्तर त्याच्याच हाती पाठव. फोन करू नकोस, मी उचलणार नाही. लेखी हवं, शनिवारी बाराच्या आत.

एस्थर अमिसा