तुलाभाराआधीचे पाणी

१२ नोव्हेंबर, बुधवार
वही रोजनिशीची, पण हात माझा पत्रे लिहून वळलेला. म्हणून आधी सगळ्यांची खुशाली. पहिली बायको. विमल, कंबर कशी आहे? म्हणाली, आहे तिथेच आहे. गाय कशी आहे? शिंगे हलवली, म्हणजे बरी. शेजारच्या भाईचा खोकला? भिंतीपलीकडून ऐकू येतो, म्हणजे भाई शाबूत. विहिरीचे, म्हणजे आमच्या बावीचे, पाणी? वरच्या पायरीला टेकलेले, गोड. आणि गंगाराम, तू? ठणठणीत. फक्त वजन.

श्रावणात न्यूमोनियाने मला दवाखान्यात आडवे केले, तेव्हा विमल सातेरी देवीला नवस बोलली. माणूस घरी परत आला तर जत्रेला त्याच्या वजनाइतका गूळ. जत्रा ७ डिसेंबरला. म्हणजे साऱ्या गावासमोर मी तराजूच्या एका पारड्यात, समोरच्यात गुळाच्या ढेपी, आणि भाई मोठ्या आवाजात मोजणार. शिरोड्याच्या बाजारात मी तीस वर्षे सायकली दुरुस्त केल्या. तिथले प्रत्येक गिऱ्हाईक जत्रेला येते.

पडवीच्या मधोमध काटा ठेवून वजन केले. ८९ किलो. विमलने पण वाकून बघितले. तिला वाकायची काही गरज नव्हती.

१३ नोव्हेंबर
संचिताला फोन. मुलीची मुलगी, ओरोसला आहाराचा सल्ला देते. म्हणाली, आबा, पहिले पाणी वाढवा. पुष्कळदा तहान लागलेली असते आणि आपण भूक समजून खातो. जेवणाआधी अर्धा तास ग्लासभर प्या, म्हणजे ताटावर हात आवरतो. गोड चहा-सरबताच्या जागी साधे पाणी आले की तेवढी साखर आपोआप वाचते. भाजी-फळे जास्त खाल तर पोट साफ राहायलाही पाणी लागते. पण पाणी काही चरबी विरघळवत नाही, आणि एकदम घटाघटा पिऊ नका.

मुलगी हुशार. शेवटचे वाक्य मात्र पुस्तकी वाटले.

१४ नोव्हेंबर, सकाळ
निश्चय: रोज दोन तांबे पाणी. जत्रेपर्यंत ७६. आकडा विमलला सांगून टाकला. सांगितले की माणूस बांधला जातो.

त्याच दिवशी, दुपार
जेवणाआधी पाणी प्यालो. ओटीवर बसून अर्धा तास थांबायचे होते. स्वयंपाकघरातून बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. पाणी पोटात एकटे पडेल म्हणून लगेच जेवायला बसलो.

१७ नोव्हेंबर
साधे पाणी घशाखाली उतरत नाही. विचार केला. सोलकढी म्हणजे काय? पाणी. शहाळे? देवाने भरून ठेवलेले पाणी. पेज म्हणजे पोहायला शिकलेला भात. त्यातला भात वगळून पाणी धरले. चहा उकळलेले पाणी. संचिताने गोड चहा नको म्हटले होते, पण ती ओरोसच्या चहाबद्दल बोलत असावी. या हिशेबाने आज दोन नव्हे, तीन तांबे झाले. शाबास.

लेंग्याची नाडी मात्र पुरत नाही. धुऊन आटली असावी.

१९ नोव्हेंबर
पडवीत काटा डगमगतो. तिथली जमीन उंचसखल. काटा उचलून मागच्या दारी, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवला. खिडकीच्या गजाला नुसता हात टेकला की मन स्थिर, काटा स्थिर. ८६. पाणी लागू पडले!

२४ नोव्हेंबर
८३. आज कोपर टेकले होते, कारण गुडघा दुखत होता.

भाईला आकडा सांगितला. माझ्या पोटाकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "गंगारामा, मग ह्या पोट कोणाचा?" मत्सर. खोकल्याच्या औषधात साखर असते, त्याचे काय ते त्याने बघावे.

२९ नोव्हेंबर
७८. दोन्ही हात. खिडकीचा गज हलायला लागलाय, सुताराला सांगणे.

१ डिसेंबर
७६! पाणी म्हणजे अमृत. हे मला कोणी तरुणपणी का नाही सांगितले?

गूळ आणायला विमल भाईला घेऊन बांद्याला निघाली. म्हणाली, थोडो वायच जास्त आणूया, देवीचा काम आहे, उणे पडायला नको. माझे मन दुखावले. म्हटले, माझ्या पाण्यावर तुझा विश्वास नाही? ७६ म्हणजे ७६, वर एक ढेप नको. ती गप्प राहिली. पन्नास वर्षांच्या संसारात ती गप्प बसली की मी जिंकलो असे धरतो.

गूळ आला. मोजून घेतला, बरोबर ७६. भाई रिक्षातून उतरताना उगाच हसत होता. नवस कशाशी खातात हे त्याला कळत नाही.

७ डिसेंबर, रविवार, संध्याकाळ
लिहायला हात उठत नाही, पण लिहितो.

सकाळी मोठा दिवस म्हणून दोन तांबे पाणी, खरे, बावीचे. वर शहाळी. वर पेज. पाणी सकाळी पोटात गेले की दुपारपर्यंत वजन उतरवते अशी माझी समजूत.

मंडप भरला होता. नवा लेंगा घालून पारड्यात मांडी घातली. समोर ढेपी चढू लागल्या. भाई मोजत होता. शेवटची ढेप ठेवली. माझे पारडे जमिनीला चिकटलेले. गुरवाने दांडीला हात लावून बघितले, दोरी बघितली, मग माझ्याकडे बघितले. एक पोर हसले. भाई वाकून म्हणाला, "पोटात बाव घेवन बसलंस काय रे?" मंडप हशाने फुटला.

मी विमलकडे बघितले. ती हसत नव्हती. आणि तेव्हा मला कळले की हसे माझे होते, पण नवस तिचा होता. तो तिथे, सगळ्यांसमोर, उणा पडत होता. तिच्या शब्दाची मी माती केली होती.

तिने भाईला नुसती मान हलवली. भाई गुरवाच्या खोलीत गेला आणि गुळाची आणखी एक गोणी खांद्यावर घेऊन आला. बांद्यालाच घेतलेली, इथे आधीच आणून ठेवलेली. ढेपी चढल्या तसे माझे पारडे जमीन सोडून वर आले. बोटभर अजून खालीच. गोणी रिकामी.

विमल जवळ आली आणि हळूच म्हणाली, जरा देवळामागे जावन येवा.

गेलो. माडाखाली बराच वेळ उभा राहिलो. परत येऊन बसलो, तर दांडी सरळ. गुरवाने घंटा वाजवली. देवीने नवस मानून घेतला.

८ डिसेंबर
विश्वासघात. पाण्याने केला, काट्याने केला, भाईने केला. आणि घरच्या बाईने तर कमाल केली. विचारले, तुला आधीपासून माहीत होते? म्हणाली, खिडकी तिच्या चुलीसमोर आहे. रोज सकाळी भाकरी थापताना गजावर आधी एक हात दिसायचा, मग कोपर, मग दोन हात. तिने पहिल्या दिवशी बघितलेला आकडा धरून, वर किलोभर गूळ आणला होता.

मग सांगायचे नाहीस का? तर परातीतून मान वर न करता म्हणाली, "माका तुमी पुरे व्हये होतास, म्हणान गूळ पण पुरो आणलंय."

म्हणे मी तिला अख्खा हवा होतो. रागवायचे ठरवले होते, ते राहून गेले.

दुपारी तिने काटा उचलून पडवीच्या मधोमध ठेवला. धरायला काही नाही. ८९, आणि वर थोडे. ते थोडे प्रसादाच्या गुळाचे.

जेवणाआधी अर्धा तास ग्लासभर साधे पाणी प्यालो आणि खरेच थांबलो. भाकरी एक कमी लागली. विमल बघत होती, म्हणून असेल.

संचिताला मोबाईलवर लिहून पाठवले: चि. संचिता, तुझी तब्येत कशी आहे? आईची कशी आहे? इकडे आजीची कंबर तशीच, भाईचा खोकला तसाच, माझे वजनही तसेच. पाण्याने वजन उतरते हे काल साऱ्या गावाने बघितले, फक्त देवळामागे जावे लागते. तू फोनवर शेवटी जे बोललीस ते परत एकदा सांग, तेव्हा नीट ऐकले नव्हते. आणि पाहुण्याला गूळपाणी देतात, त्यातले पाणी मोजायचे की गूळ? घरात प्रसादाची अख्खी ढेप आहे, तेव्हा उत्तर लवकर लिही.