बाबांना सांगून टाकलं

चिमणे,

तुला न विचारता आज सकाळी चहाच्या वेळी मी बाबांना सांगून टाकलं, की एलएलबी झाल्यावर तू त्यांच्या वकिलीच्या ऑफिसात बसणार नाहीस, आरोग्य कायदा आणि धोरण शिकायला पुढे जाणार आहेस. पोटात ठेवून ठेवून मलाच अन्न गोड लागेना. रागवायचं तर माझ्यावर रागव.

आधी माझी उलटतपासणी झाली. "तुला कधीपासून माहीत होतं? आणि हे शिकून काय, डॉक्टरांना कोर्टात खेचणार का?" तुझी पुस्तकं चाळून जेवढं कळलं तेवढं सांगितलं, की औषधं लोकांना परवडावीत, पेशंटला नीट विचारलं जावं, असे नियम करायचं ते शिक्षण आहे. मग त्यांनी कप बाजूला ठेवला. मला वाटलं, आता भडका उडणार. तर म्हणाले, "तुझ्या ऑपरेशनच्या वेळी संमतीच्या कागदावर मी न वाचता सही केली. मी! इतका घाबरलो होतो. घाबरलेल्या माणसालाही समजेल असं लिहायला कुणीतरी शिकायलाच हवं. जाऊ दे तिला."

कुरिअरची पावतीसुद्धा दोनदा वाचणारा हा माणूस! सुटले गं बाई मी.

जेवण झाकून ठेवलंय. मी मुद्दामच मावशीकडे चाललेय. संध्याकाळी ते आले की तू स्वतः सांग. पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवायचं त्यांनी कबूल केलंय. अभिनय अगदीच भिकार असेल, पण हसू नकोस.

आई