उजवा कौल

आबा,

संस्थान गेलं. कचेरीतले जुने कागद आता पुण्याला पाठवायचे आहेत, आणि मोडी वाचणारा माणूस म्हणून महिनाभर मला बोलावणं येतंय. शाळा सुटली की जातो. घरी वाट बघणारं कुणी उरलेलं नाही, त्यामुळे उशीर झाला तरी कुणाचं अडत नाही. परवा एका गठ्ठ्यातून आपल्या वाडीचा कागद निघाला. अक्षर माझंच, तरुणपणीचं, उगाच ऐटबाज. शेवटच्या नोंदीखाली मी एक ओळ मोकळी सोडलेली आहे आणि मग सही केलेली आहे. त्या ओळीबद्दल तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुम्ही जाऊन नऊ वर्षं झाली, तरी ते राहूनच गेलेलं आहे.

कचेरीचा हुकूम आला होता की हिर्डोशीच्या वरच्या वाड्यांनी आपापली वहिवाट लिहून द्यावी. जे कागदावर येणार नाही ते सरकारी जंगल. मी तेव्हा नुकताच भोरच्या शाळेत मास्तर झालो होतो. आपल्या महादेव कोळ्यांच्या त्या चौदा उंबऱ्यांत लिहिता येणारा मी एकटाच, म्हणून मला बोलावलंत. नोकरी लागली तेव्हा तुम्ही भोरच्या बाजारातून मला वहाणा आणून दिल्या होत्या, स्वतः अनवाणी चालत जाऊन. त्या करकरत होत्या आणि मला त्यांचा फार अभिमान होता. दिवसभर तुम्ही मला शीव दाखवत फिरलात. तुम्ही पुढं, मी मागं, हातात पाटी. नाचणीसाठी भाजायचे उतार, हिरड्याची झाडं, घाटाच्या तोंडाशी पहाऱ्याला बसायचा तो सपाट खडक, सगळं तुम्ही बोट दाखवून सांगताय आणि मी लिहितोय. मी शहाणपणानं विचारतो, "आबा, हे आपल्याला कुणी दिलं? कुठल्या राजानं?" तुम्ही थांबता आणि माझ्याकडे असं बघता, की या पोराला शिकवून उपयोग काय झाला.

"दिलं कुणी? आमी हितंच व्हतो. देणारे मागनं आले."

पुढं देवीची राई आली. प्रत्येक घरातला माणूस गेला की त्याच्या थोरल्या लेकानं ओढ्यातला एक दगड उचलून राईत देवीच्या पायाशी नेऊन मांडायचा, हा आपला रिवाज. आजोबा तिथं, पणजोबा तिथं, त्यांच्या आधीचे सगळे तिथं. आपला इतिहास कुणी विचारला तर तेवढाच, दगडांच्या रांगेत. आणि दुसरा रिवाज असा, की परक्यासमोर राईचं नाव घ्यायचं नाही. मी पाटी पुढं धरून म्हणालो, "राई लिहू ना?" तेव्हा तुम्ही जे ओरडलात ते अजून कानात आहे. "वहाणा काढ आदी! तिचं नाव कागदावर? लाज न्हाई वाटत?" मी वहाणा काढल्या आणि पाटी खाली केली. पण तुम्हीही राईकडे बघत उभे राहिलात. जे लिहिलं जाणार नाही त्याचं काय होणार, हे तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही एकटेच राईत गेलात. वाडीचा कौल लावण्याचा मान तुमचा होता. देवीच्या दोन्ही खांद्यांना तांदळाचे ओले दाणे चिकटवायचे, प्रश्न सांगायचा आणि बसून राहायचं. उजवा दाणा आधी पडला तर होकार. परत आलात ते घामानं निथळत, पण चेहरा मोकळा. "लिही," म्हणालात. "उजवा दिला तिनं. तिलाबी ऱ्हायाचंय हितं." मी पाहिलेल्या तुमच्या सगळ्या चेहऱ्यांत मला तोच सगळ्यात आवडतो, आणि त्याचीच आठवण नकोशी वाटते.

कारकून आंब्याखाली टेबल मांडून बसला होता. भोरचा, माझ्याच आळीतला. त्याच्या मुलाला मी शिकवत होतो. मला पाहून तो चकित झाला. "मास्तर, तुम्ही? तुम्ही या लोकांतले?" मी म्हणालो, "वडील असतात इकडे." असतात इकडे! जणू तुम्ही हवापालटाला आला होता. तुम्ही दहा पावलांवर, डोईचं मुंडासं हातात घेऊन उभे. मी नोंदी कागदावर उतरवत गेलो, शेवटी राईसाठी ओळ सोडली आणि दौतीत टाक बुडवला. कारकून हसत म्हणाला, "शेजारच्या वाडीवाल्यांनी तर दगडधोंडेसुद्धा लिहायला सांगितले हो! शेंदूर फासला की झाला देव. आणखी काही आहे का तुमच्या वडिलांचं?"

"नाही," मी म्हणालो. आणि सही केली.

तुम्ही लांबून विचारलंत, "लिव्हलं का रं समदं?" मी मान हलवली.

तिसऱ्या वर्षी ठेकेदाराची माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. राईचा कोळसा झाला. दगड उतारावरून गडगडत ओढ्यात गेले, पुन्हा जिथले तिथं. तुम्ही कचेरीत दाद मागायला गेला नाहीत. मी सुट्टीत आलो तेव्हा ओट्यावर बसून मला एवढंच म्हणालात, "माझंच चुकलं. डावा पडला आसंल. मलाच उजवा हवा व्हता, म्हून उजवा दिसला. नाव घेतलं आन् ती गेली." मग तुम्ही कौल लावणं सोडलंत. वाडीनंही तुम्हाला विचारणं सोडलं. आठ वर्षं तुम्ही त्या ओट्यावर एकटे बसलात, आणि मी दर सुट्टीत येऊन शेजारी बसून गेलो. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. प्रत्येक वेळी भोरला परत जाताना स्वतःला म्हणायचो, म्हाताऱ्याला आता कशाला त्रास.

तुमचा दगड ओढ्यातून मीच उचलला. मांडायला जागा नव्हती, म्हणून भोरला घेऊन आलो. खिडकीत असतो. मुलं विचारतात, गुरुजी, हा कशाला? मी म्हणतो, वह्या उडू नयेत म्हणून.

आबा, तिचं नाव कुणी घेतलंच नाही. कागदावर ती ओळ कोरी आहे. कौल उजवाच होता, तुम्हाला नीट दिसलं होतं.

हे तुम्हाला पाठवता येणार नाही; पण जिथं पोचू शकतं, त्या वाडीतही मी ते पोचवलेलं नाही. काल वाडीचा एक जण बाजाराला आला होता, माझ्याकडे टेकला. बोलता बोलता म्हणाला, "तुमच्या आबानं त्यो कौल चुकवला नसता, तर राई ऱ्हायली आसती." मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.