धुक्यात दिसलेला किल्ट

ग्लेन फेरिक,
२ नोव्हेंबर १९५८

प्रिय रुअरी,

ताईचे आशीर्वाद. ग्लासगोच्या धुरानं तुझा खोकला वाढला नसेल अशी आशा करते. इकडे सगळं जिथल्या तिथे आहे. गाय आटली, कोंबड्या रुसल्या, शेजारच्या कॅटरायोना काकूंचा गुडघा थंडीबरोबर ठणकायला लागला. तुझं पत्र नाही, तेही नेहमीसारखंच.

यंदाचा ऑक्टोबर फार सुंदर गेला रे. दरीतले नेचे तांबूस झाले. सकाळी धुकं खालून वर चढायचं आणि त्यातून नर हरणांचं ओरडणं यायचं, कुठून ते कळायचंच नाही. भांडी घासता घासता माझे हात थांबायचे. वाटायचं, आपलं घर तळ्याच्या तळाशी आहे आणि वरून कुणीतरी हाका मारतंय.

आता पुढचं वाचून हसू नकोस. हा सगळा शिकारीचा हंगाम मी बाबांबरोबर, इस्टेटीच्या मालकाच्या पाहुण्यांना हरणं दाखवायला, डोंगरावर जात होते. आणि जाताना तुझा तो गुडघ्यापर्यंतचा, चुण्याचुण्यांचा लोकरी किल्ट नेसत होते.

हसलास ना? हस मेल्या. माझा झगा हेदरच्या झुडपांत अडकायचा, आणि या घरात विजारीचं नाव काढायची सोय तूच ठेवलेली नाहीस. तू गेल्यापासून तो किल्ट दारामागच्या खुंटीवर होता. आईचा एक टाका उसवलेला नाही. नेच्याचा तपकिरी, शेवाळाचा हिरवा. डोंगरावर टाकून दिला तर शोधून सापडायचा नाही. पट्टे मात्र चांगलेच आवळावे लागले. केवढा जाडा होतास तू!

पहिल्या दिवशी कॅटरायोना काकूंनी कुंपणावरूनच गाठलं. "इश्बेल! अगं बाई, हे पुरुषाचं नेसून निघालीस कुठे?"

"शिकारीला, काकू."

"नवऱ्याच्या का?"

"छे! हरणं बरी. निदान पावसात अंघोळ तरी करतात."

त्या इतक्या हसल्या की गुडघा विसरल्या.

सुरुवातीला वाऱ्यानं पाय बधिर झाले. मग हळूहळू काय झालं कोण जाणे, गुडघ्यांना जाग आली. इथलं गवत मऊ, इथलं धारेचं, इथे ओल आहे, इथे दगडाखालून गार वारा येतोय. बाबा पुढे चालायचे, त्यांच्या किल्टच्या चुण्या एका लयीत हलायच्या, मी मागून त्या लयीत पावलं टाकायची. ओढा आला की किल्ट जरा वर धरायचा आणि पार व्हायचं. पोटावर सरपटताना लोकर भिजून जड होते, पण ऊब सोडत नाही आणि आवाज करत नाही. कधी कधी तर आपण चालतोय की झोपेत आहोत तेच कळायचं नाही.

लोकर आवाज करत नाही, हे लिहिताना तुझ्या त्या मेणकापडाच्या विजारीची आठवण झाली. तुलाही झाली असणार. तिच्या सळसळीनं हरीण पळालं, हे खरं. पण पाहुण्यांसमोर बाबांनी तुला जे सुनावलं ते हरणापायी नव्हतं. "हा माझा मुलगा नव्हे." असं कुणी पोटच्या पोराला म्हणतं? तेव्हाही मला राग आला होता, अजून येतो. आणि तूही तसलाच हट्टी! बॅग उचललीस नि चालता झालास. एका दिवसाच्या प्रवासावर राहून आठ वर्षं या घराला तोंड दाखवलं नाहीस. आई गेली तेव्हाही स्मशानातूनच परस्पर परतलास. दोघंही एकाच मुशीतले. मधल्या मधे माझं भरीत.

तू म्हणशील, बाबांना ताईची गरज कशाला? त्यांना तर डोंगर तळहातासारखा. सोबत म्हणून, असं मी कॅटरायोना काकूंना सांगते. वय झालं आता.

तसं नाही, रुअरी. त्यांना दिसत नाही.

तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली होती त्यांनी मला. मोडते. काय व्हायचं ते होऊ दे. इन्व्हरनेसच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं थोडं उरलंय. माणसाचा चेहरा दिसत नाही, आकार दिसतो. वसंतापर्यंत तेही राहील असं वाटत नाही. मालकाच्या कारभाऱ्याला अजून पत्ता नाही. मी हळूच सांगायची, "बाबा, दोन नर, डावीकडे, खडकाखाली," आणि ते पाहुण्याला तिथवर घेऊन जायचे. पाय त्यांचे, डोळे माझे.

हंगामाच्या शेवटी एका पाहुण्यानं नराला नुसतं जखमी केलं. तसं सोडून देणं बाबांना जमायचं नाही. दुसऱ्या सकाळी आम्ही दोघंच शोधायला निघालो. कड्याखाली तो सापडला, बिचारा केव्हाच मरून पडला होता. तेवढ्यात धुकं उतरलं. हाताची बोटं दिसेनात. म्हटलं, "बाबा, तुम्ही या दगडावर बसा, मी पुढची वाट बघून येते." मी गेले आणि वाट चुकले. सगळीकडे दुधासारखं पांढरं. कुठे चढ, कुठे उतार, काही उमजेना. शेवटी ओढ्याच्या आवाजानं परतले, पण वेगळ्याच बाजूनं, वरून.

बाबा उठून उभे राहिले. त्यांना मी दिसले नाही. धुक्यातून उतरणारा तुझा किल्ट दिसला.

"रुअरी," ते म्हणाले. "आलास होय?"

मी तोंड उघडायला हवं होतं. "मी आहे बाबा, इश्बेल," एवढंच तर म्हणायचं होतं. आणि ते बोलायला लागले. आयुष्यात एवढं सलग बोलताना मी त्यांना ऐकलेलं नाही. टोपी काढून हातात धरली होती. मी जिथे होते तिथेच उभी राहिले, मुकाट्यानं रडत.

बोलणं संपल्यावर ते पुढे आले. हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि वेणीला लागला.

"तू होय," म्हणाले.

"हो, बाबा."

बस्स. मग तेच पुढे झाले आणि त्या धुक्यातून मला घरी घेऊन आले, एकदाही न अडखळता. दारात आल्यावर एवढंच म्हणाले, "किल्ट नीट वाळत घाल, चुण्या मोडतील." त्यानंतर त्या गोष्टीबद्दल हूं की चूं नाही. पण तेव्हापासून चूल फुंकून पेटवायलाही ते विसरतात. बसून असतात नुसते.

ते काय बोलले, हे मी लिहिणार नाही. ते तुझं आहे. चुकून माझ्या कानांवर पडलं. पुन्हा बोलायचं त्यांना जमेल की नाही, देव जाणे. पण तू समोर उभा राहिलास तर जमेल असं मला वाटतं.

तर ये. विजार घालून ये, काही बिघडत नाही. फक्त एक ऐक. तू दारात आलास की ते तुझ्यासमोर मान फिरवतील, भिंतीकडे बघितल्यासारखं करतील. रागावून परत फिरू नकोस, गाढवा. त्यांना आता सरळ बघितलं तर दिसत नाही. तोंड फिरवलं की मगच माणूस दिसतो.

तुझ्या वाट्याचं ऐकून बसलेली,
तुझी ताई,
इश्बेल