पेशीच्या दारातला तुकडा

रत्नागिरी
दि. १२ एप्रिल १९९९, सकाळी सव्वासहा

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आंब्याच्या पेट्यांत पेंढा भरून झाला आहे. टेम्पो यायला पाऊण तास आहे, तेवढ्यात लिहितो. काळजीचे कारण नाही असे लिहिणार होतो, पण ते खरे होणार नाही.

पोफळीच्या वीजघरात नोकरीला असलेल्या समर्थचे स्थळ आबांनी तुझ्यासाठी काढले आहे. त्याचे वडील २५ तारखेला घर पाहायला येतात. मुलगी चार वर्षे पुण्यात नक्की करते काय, असे त्यांनी विचारले आहे. प्रथिनांवर काहीतरी करते, असे आबा म्हणाले. म्हणजे डाळींवर का, असे मध्यस्थाने विचारले. आबांनी हो म्हणून टाकले.

तरी तुझे काम मला समजेल असे लिही. बारावीच्या जीवशास्त्रात मला अकरा गुण होते, हे ध्यानात ठेव. तू गेलीस त्या वर्षी बाग माझ्याकडे आली, ही सबब नव्हे.

लोभ आहे तसा राहू दे, उत्तर मात्र लवकर दे.
तुझा काशीराम

पुणे
दि. १६ एप्रिल १९९९

चि. काशीराम यास
अनेक आ.

आबांना सांग, मी डाळ शिजवत नाही.

पेशी म्हणजे घर धर. भोवती भिंत नाही, तेलासारखा पातळ पडदा आहे. प्रथिन आपले आपण त्यातून आत जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्या पुढच्या टोकाला एक छोटा तुकडा असतो, तुझ्या पेटीवरच्या पत्त्यासारखा. पडद्यात दार असते. ते हा तुकडा ओळखते, प्रथिन ओवून घेते, आणि मग तुकडा कापला जातो. काही प्रथिने पलीकडे जातात, काही पडद्यातच मुक्काम ठोकतात. कोण जाणार, कोण राहणार, हे कसे ठरते तेवढेच मी शोधते.

लग्नाला माझी ना नाही. पण अजून एक वर्ष मिळाले नाही, तर आधीची चारही फुकट जातील. तेवढे वर्ष मिळव. तू तासभर बोललास की समोरचा उठून जातो, तो गुण या वेळी कामी आण.

तुझ्यावर सगळी भिस्त असलेली,
दीपालीताई

रत्नागिरी
दि. २६ एप्रिल १९९९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी आज्ञा पाळली आणि घात झाला.

मी सगळे फुलस्केप कागदांवर शुद्ध लिहून, आकृत्या काढून वाचले. दुसऱ्यांदा पन्हे आले तरी कोणी उठेना. उलट मुलाचे वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, परक्या घरात शिरून तिथलेच कसे व्हायचे, याचा चार वर्षे अभ्यास केलेली सून आम्हाला दुसरी कुठे मिळणार! कापलेल्या तुकड्यावर तर ते फारच खूश झाले. त्यांच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांवर सुनेचे नवे नाव लिहितात. ते ठरूनही गेले आहे: हौसा, त्यांच्या आईचे. पेशीसुद्धा आमच्याच रीतीने चालते म्हणाले. मी तुझ्या वर्षाचे काढले, तर इतके सगळे कळलेच आहे, आता शोधायचे काय राहिले, असे म्हणून मे अखेरचा मुहूर्त काढा म्हणाले. आबांनी मान डोलावली.

ताई, तुझे निबंध कोणत्या नावाने छापतात?

रागावलीस तरी लिहिणे थांबवू नकोस.
काशीराम

पुणे
दि. ३० एप्रिल १९९९

चि. काशीराम यास
अनेक आ.

वाचून आधी हसले, मग हातातली नळी फोडली. निबंध दीपालीच्या नावाने छापतात. हौसाबाईंविषयी आदर आहे, पण त्यांनी एकही प्रयोग केलेला नाही.

सोपे करताना मी अर्धेच सांगितले, ती माझी चूक. सगळ्यांचा तुकडा कापला जात नाही. काही प्रथिनांत तो तसाच राहतो, खुंटीसारखा पडद्यात रुततो, आणि त्याच्याच आधाराने प्रथिन तिथे टिकते. माझे प्रथिन त्या जातीचे आहे. एवढे शुद्ध लिहून पोफळीस पाठव. आबांना दाखवून पाठव, लपवून नको.

तुझी हट्टी ताई

रत्नागिरी
दि. ११ मे १९९९, दुपारी पावणेदोन

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

जेवण ताटात तसेच ठेवून लिहितो.

तुझी पुरवणी आबांनी दोनदा वाचली, चष्मा पुसला, आणि वर तारीख घालायची राहिली आहे एवढेच म्हणाले. मी तारीख घातली. आज उत्तर आले. खुंटीवाली सून त्यांना नको. तुझा फोटो आणि पत्रिका परत आली आहे.

माझी पाने मात्र परत आली नाहीत. समर्थचा धाकटा भाऊ यंदा बारावीला आहे. पुस्तकापेक्षा त्याला हे कळते, तरी ज्यांनी लिहिले त्या सरांनी दर रविवारी पोफळीस येऊन शिकवावे, अशी विनंती आहे. आबा म्हणाले, मुलगी नापसंत, मुलगा पसंत. माझे अकरा गुण कळवायला मी बसलो होतो, त्यांनी पेन काढून घेतले.

तुझे वर्ष आबांनी तोंडाने दिलेले नाही. पुढल्या मेपर्यंत घर पाहायला कोणाला बोलावणार नाही, पन्ह्याला कैऱ्या परवडत नाहीत, असे म्हणाले. बागेत कैऱ्यांचा खच पडला आहे.

रविवारी पहिल्या एस.टी.ने जातो. तेव्हा एवढे कळव: ज्यांचा तुकडा कापला जातो, त्यांचा तो तुकडा पुढे कुठे जातो? तुझ्या दोन्ही पत्रांत ते नाही. मुलगा विचारील. त्याने नाही विचारले, तरी मला हवे आहे.

उत्तराच्या वाटेवर डोळे लावून,
काशीराम