उधार राहिलेलं रडणं

२ ऑगस्ट २०२५, शनिवार. सकाळी ५.४०
चुलीवर याडीचं (आमच्यात आई म्हणजे याडी) पाणी उकळायला ठेवलंय, तेवढ्यात लिहितो. काल नांदेडला केमोचा दुसरा डोस झाला! येताना औंढ्याला गाडी थांबली तर याडीने भजी मागितली. दोन महिन्यांत पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं. मला आनंद इतका झाला की घ्यायलाच निघालो होतो. मग कढईवरच्या माश्या दिसल्या. दिली नाहीत.
नर्सताईंनी सांगितलेलं नीट लिहून ठेवतो. आठवड्याभराने पांढऱ्या पेशी (पां. पे.) खाली जाणार, तेव्हा साधी सर्दीसुद्धा याडीला महागात पडेल. ताप १००.४ झाला की घरी तापाची गोळी द्यायची नाही. आधी फोन, मग लगेच गाडी. सण असला तरी.
मी तीनदा विचारलं. म्हणाल्या, "दादा, आता चौथ्यांदा विचारलंत तर तुम्हालाच ॲडमिट करून घेईन."
तिजेचा सण नेमका त्याच आठवड्यात. आणि आमच्या तांड्यात तिजेची गाणी उचलायची याडीने.

४ ऑगस्ट, सोम.
शेळ्या याडीच्या खोलीजवळून हलवल्या, मागे बांधल्या. कच्ची कोथिंबीर, काकडी बंद. दुकानातून आल्यावर मागच्या नळावर अंघोळ, कपडे वेगळ्या बादलीत. पंक्चर काढून हात काळे होतात, ते घासून घासून सोलून निघालेत. शेठ म्हणाला, "नवरदेव झाला काय रे? दिवसातून दोन बार नाहून राहिला."
दुपारी चूक झाली. गंगाकाकी (शेजारची, याडीची जाऊ) चार बायांना घेऊन भेटायला आली. मी दारात बाज आडवी लावून उभा. "काकी, जवळ नका येऊ."
"काहून? आमी काय म्हामारी घेऊन आलो का?"
पाचही जणी उलट पावली गेल्या. याडी भिंतीकडे तोंड करून झोपली, जेवली नाही. मग म्हणाली (आमच्या बोलीत, मी मराठीत लिहितोय), "मेलेल्या बाईवर बी गळ्यात पडून रडतात. मी तर जिती हाय. माझ्यावर न रडता गेल्या."
मी खोली, पाणी, साबण, सगळ्याचा विचार केला होता. ह्याचा नाही.

५ ऑगस्ट, मंगळ.
नर्सताईंना फोन केला. सगळं सांगितलं. आमच्यात बाई बाईला बऱ्याच दिवसांनी भेटली की गळ्यात पडते आणि मधल्या काळात काय काय झालं ते सुरात सांगत रडते. तसं रडली नाही तर भेट झाली असं धरतच नाहीत.
त्या म्हणाल्या, "दादा, रडायला कुठे बंदी आहे? बंदी गळ्यात पडायला आहे."
बस! मला रस्ता सापडला. अंगणातला लिंब! घरापासून चांगला लांब आहे. खाली सतरंजी टाकायची. याडी दारात, मास्क लावून. काकीला सांगायला गेलो तर भाकरी थापत म्हणाली, "लांबून का कुणी रडतं? हाका मारायच्या का एकमेकीला?" पण हसली.

९ ऑगस्ट, शनि. राखी
माझी थोरली बहीण, कविताबाई, साखऱ्याहून आली. याडी आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच. कडेवर लेकरू, नाक वाहतंय.
"सर्दी आहे का ह्याला?"
"न्हाई रे, येष्टीत धूळ लागली."
लेकरू तिथंच शिंकलं. दोनदा.
"बाई, तू काकीकडे उतर."
"मी लेक हाय तिची! तू कोण लागून गेला?"
म्हटलं, "मी हात धुणारा." तिला रडता रडता हसू आलं, आणि गेली काकीकडे.
संध्याकाळी लिंबाखाली येऊन बसली, तोंडावर ओढणी. याडी दारात. बाईने सूर धरला. याडी मधेच ओरडली, "मोठ्यानं रड, ऐकू येईना!" सगळा तांडा हसला. मग याडीने तिकडून धरला. केस कसे गेले, सुई कशी लागते, लेक कशी लांब. मग कुणी हसलं नाही. मीसुद्धा नाही. काकी पुढे आली, "सरक कविता, आता माझा नंबर." एकामागून एक सगळ्या रडल्या! शेवटी याडी म्हणाली, "गळ्यात पडायचं उधार. पोरा, लिहून घे."
रात्री पोटभर जेवली.
बाईने राखी ओट्यावर ठेवली होती. मी हात धुऊन स्वतःच बांधली. एका हाताने गाठ बसेना म्हणून दाताने ओढली. दात लावला! परत हात धुतले, चूळ भरली.

१३ ऑगस्ट, बुध.
सकाळी थर्मामीटर १००.६. काकीच्या पोराला जीप काढायला सांगितलं, फाईलची पिशवी उचलली, नांदेडला फोन लावला, सगळं एकदम. बा शेतातून चिखलाच्या पायाने धावत आला. त्याही घाईत त्याला पाय धुवायला लावले.
नर्सताई : "आत्ता काही गरम प्यायल्या का?"
याडी : "चहा. काकीनं पाठवला. तुला सांगितलं असतं तर तू परत उकळाया लावला असता."
जीप दारात चालूच ठेवायची आणि अर्ध्या तासाने पुन्हा मोजायचं, असं ठरलं.
९८.८! थोड्या वेळाने पुन्हा मोजला, ९८.६. बाने सगळ्यांदेखत माझ्या पाठीवर थाप मारली, त्याने असं कधी केलेलं आठवत नाही. नर्सताई म्हणाल्या, "गाडी बोलावलीत ते बरोबरच केलंत. उद्याही असंच करा." काकी लिंबाखालून म्हणाली, "माझ्या चहाला इतका जोर हाय, म्हाईत नव्हतं."

१६ ऑगस्ट, शनि. तीज बोळवली
पोरींनी नऊ दिवस नायकाच्या (तांड्याच्या प्रमुखाच्या) अंगणात टोपल्यांत गहू वाढवले. याडीला तिथे जाऊ दिलं नाही. ओली माती, शेणखत, बुरशी. आज टोपल्या ओढ्याला न्यायच्या होत्या, तर कविताबाईने सगळी मिरवणूक आमच्या गल्लीने वळवली. पोरी लिंबापलीकडे गोल करून उभ्या. पण मास्कमधून याडीचा आवाज पोचेना.
बाई म्हणाली, "माईक आणू?"
लग्नाचा माईक आला. मी स्पिरिटने पुसला, वायरसुद्धा. पोरी हसून बेजार. आणि मग याडीने गाणं उचललं! दोन भोंग्यांतून! पलीकडच्या गावाला ऐकू गेलं असेल. ओढणी मागे घसरली, टक्कल दिसलं, तिने सावरलंच नाही. गात राहिली. मी असा नाचलो की माझी मलाच लाज वाटली.
शेवटी पोरी मोठ्यांना कोंब देत होत्या. याडीने हात पुढे केला. माती लागलेली मुळं. मी मान हलवली. तिचं तोंड उतरलं. मग तिनेच बाईला खूण केली, बाईने तो कोंब माझ्या टोपीत खोचला, आणि याडी दारातून बघत राहिली. अंघोळीपर्यंत काढला नाही.

२० ऑगस्ट, बुध. सायं.
हिंगोलीला रक्त देऊन आलो. पां. पे. पुरेशा वाढल्या असतील तर परवा तिसरा डोस. रिपोर्ट आज फोनवर येणार.
याडीचा घसा काल रात्रीपासून बसलाय. ताप ९८.४. खोकला नाही. ती म्हणते, भोंग्याचं गाणं नडलं. मलाही तसंच वाटतं. तरी फोन केला. नर्सताई म्हणाल्या, ताप बघत राहा, उद्या घेऊन या, डॉक्टर घसा बघतील. जीप सांगून ठेवली.
याडीने हिशोब मांडायला लावला. साबण, स्पिरिट, मास्क, जीप : सगळं मिटलं, जीपवाला डिझेलचे घेईना. माईकवाल्याने काही घेतलं नाही.
उधार :
कविताबाई, गळ्यात पडून रडणं, एक.
गंगाकाकी, एक. (ती दोन म्हणते. चार तारखेचंही धर म्हणते. धरलं, दोन.)
तिच्याबरोबरच्या चौघी, एकेक.
कविताबाईचं लेकरू, एक पापा. सर्दी गेल्यावर.
याडी म्हणाली, "तुझं बी लिही."
"पुरुष माणसं असं रडतात का?"
बसलेल्या घशाने म्हणाली, "लिही."
लिहिलं. मी, एक.
फोन वाजतोय.