प्रशासकाशी संपर्क साधा

सोमवार, २ मार्च. सकाळी १० वाजून १४ मिनिटं.
वेळ मुद्दाम लिहिते आहे, उद्या कोणी नाकबूल करायला नको. 'तक्रार कशी ऐकावी' या माझ्या पुस्तकाचं एकशे ब्याण्णवावं पान टाइप करत होते. पडद्यावर चौकट आली : हार्डवेअरमध्ये दोष. प्रशासकाशी संपर्क साधा. खाली एकच बटण, 'ठीक'. काहीही ठीक नसताना माणसाला ते दाबायला लावणं हा उद्धटपणा आहे. दाबलं.

पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात तेहेतीस वर्षं काढली मी. काय बिघडलं, कुठे, कधीपासून, किती वेळा आणि आता काय करायचं, या पाच गोष्टी नसलेली नोंद मी परत पाठवायचे. या यंत्राला त्यातली एकही धड सांगता येत नाही.

ह्यांचं म्हणणं, पुस्तकाची एक कॉपी दुसरीकडे काढून ठेव. घाबरून बादल्या भरून ठेवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत.

मंगळवार, ३ मार्च.
'प्रशासकाला कळवा' असं एक बटण सापडलं. तिथून पत्र धाडलं. 'डिअर सर' पासून 'युअर्स फेथफुली' पर्यंत एक स्वल्पविराम चुकला नाही. संध्याकाळपर्यंत उत्तर येईल.

गुरुवार, ५ मार्च.
उत्तर नाही. चौकट चार वेळा. उद्यापासून 'ठीक' दाबायचं नाही, असा निश्चय केला.

शुक्रवार, ६ मार्च.
दाबलं. त्याशिवाय टाइपच करू देत नाही. दुसरं पत्र.

या प्रशासकाने माझी मेलबॉक्स येऊन बघावी. गेल्या वर्षी मी तिला नियमच लावला : ज्या पत्राची सुरुवात 'डिअर मॅडम' अशी नाही, ते परस्पर अडगळीच्या फोल्डरमध्ये. मायना नसलेलं पत्र म्हणजे दार न वाजवता आत शिरलेला माणूस, हे आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी चौथीतच शिकवलं होतं. नियम लावल्यापासून किती शांतता आहे.

रविवार, ८ मार्च.
यंत्रातून कर्रकर्र आवाज. ह्यांना डिस्क वाटली. मी म्हटलं, पंखा.

भाचीचा फोन. हे मशीन तिनेच बसवून दिलं, ती याच कामात असते. मशीनकडून मेल येतात का, असं तिने विचारलं. एकही नाही, म्हटलं. मग डिस्क ठणठणीत असणार, म्हणाली. जरा खुट्ट झालं तरी ते लगेच लिहितं. चौकटीचं तिला सांगितलं नाही. प्रकरण वरच्या पातळीवर आहे, मधल्या माणसांना कशाला.

तिसरं पत्र. भाषा कडक.

मंगळवार, १० मार्च.
पुस्तक पूर्ण. दोनशे चौदा पानं. छापखान्याला सोमवारी हवं. कॉपी उद्या काढेन. स्वल्पविराम तपासायचे राहिलेत, आणि चुकांच्या दोन कॉप्या घरात कशाला?

बुधवार, ११ मार्च. सकाळी ९.४०.
पडदा काळा. 'ठीक'सुद्धा नाही.

गुरुवार, १२ मार्च.
भाची आली. यंत्राला कान लावून बसली, मग मान हलवली. डिस्क गेली, पुस्तक गेलं. तिने माझी मेलबॉक्स स्वतःच्या फोनवर उघडली, आणि अडगळही उघडली.

यंत्राची दोनशे सदुसष्ट पत्रं. पहिलं जानेवारीतलं. प्रत्येकात : डिस्क बिघडते आहे, अमुक ठिकाणी, अमुक तारखेपासून, इतक्या वेळा, ताबडतोब कॉपी काढा. पाचही गोष्टी, ओळीने. त्यांच्याच मध्ये माझी तीन पत्रं.

मी विचारलं, प्रशासकाच्या नावची पत्रं माझ्याकडे कशी?

"मावशी, प्रशासक तूच आहेस," ती म्हणाली. "मशीन बसवताना मी विचारलं होतं, पत्ता कोणाचा देऊ. तू म्हणालीस, माझाच दे, या घरात दुसरं जबाबदार आहे कोण?"

मी म्हटलं, एकाही पत्राला मायना नव्हता.

"तुझ्या तिन्ही पत्रांना होता की. डिअर सर."

पुस्तकाचं एकच पान तेवढं वाचलं. अर्पणपत्रिका. ह्यांना वाचायला छापून दिली होती, ह्यांनी ती टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातली होती. आता विचारत होते, प्रशासक भेटले का.

भाचीच्या हातून फोन घेतला आणि चौथं पत्र लिहिलं. नक्कल इथे ठेवते.

प्रति, प्रशासक.
डिअर मॅडम,
दोनशे सदुसष्ट अधिक तीन तक्रारींची आपण कोणतीही दखल घेतलेली नाही. या पत्राचा मायना बरोबर आहे, तेव्हा पत्र मिळालंच नाही ही सबब चालणार नाही. आपला लेखी खुलासा सोमवार, १६ मार्च, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडावा.